कबुतरांचा नाद

प्रेमानंदला कबुतरांचा नाद होता. खामगावात त्याच्या वस्तीत कुणी त्याचं घर विचारलं, की लोक वर आभाळात बोट दाखवत. "ते पाखरं घिरट्या घेऊन राह्यले ना, त्याच्याच खाली." दिवसभर तो कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन. संध्याकाळी घरी आला की पायातल्या चपलांसकट गच्चीवर. चहासुद्धा तिथंच लागायचा. खुराड्याचं दार उघडून त्यानं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, की गिरेबाज कबुतरं भर्रकन वर जायची, पार तिळाएवढी व्हायची आणि तिथून कोलांट्या खात खाली यायची. मान अवघडेपर्यंत तो बघत राहायचा. दारू नाही, पत्ते नाहीत, पान-तंबाखू नाही. त्याच्या जिवाला एवढी एकच हौस.

आणि त्याच्या बायकोला, सुवर्णाला, नेमकी त्याच गोष्टीची चीड. वाळत घातलेल्या लुगड्यावर शीट पडलेली असायची. उन्हाळ्यात कुरडया घातल्या की एखाद्या कुरडईत पीस चिकटलेलं निघायचं. पहाटेपासून डोक्यावर ती घूंऽ घूंऽ सुरू.

"अजी, आपण मानसाच्या घरात राह्यतो का पाखराच्या?" ती विचारायची.

"तुले नाई का गाण्याचा नाद? मी बोलतो का कई?"

"माह्यं गाणं कोनाच्या लुगड्यावर हागत नाई."

यावर तो खो-खो हसायचा. गाण्याचं मात्र खरं होतं. विहारातल्या बायांच्या मंडळात सुवर्णा पुढे गायची. तिचा आवाज उंच आणि मोकळा. जयंती असो, कुणाचं लग्न असो, मयत असो, "सुवर्णाबाईले बोलवा" असं ठरलेलंच. तिनं ओळ उचलली की मागच्या बायांना आपोआप सूर सापडायचा. घरीसुद्धा भाकरी थापताना तिचं चालूच असायचं.

एवढा राग होता, तरी खुराडं झाडायची तीच. प्रेमानंद सकाळी लवकर कामावर जायचा, आणि एक दिवस झाडलं नाही तर वास खाली स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मग ती नाकाला पदर गुंडाळून वर जायची, खुरप्यानं वाळलेली शीट खरवडायची, पिसं गोळा करायची. धुळीचा पांढरा लोट उठायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिच्याकडे आलं, ते तिच्याकडेच राहिलं. प्रेमानंदनं तिला कधी सांगितलं नव्हतं, की झाड. नको झाडूस, असंही कधी म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास तिला खोकला लागला. कोरडा, ठसक्यासारखा. हिवाळा गेला तरी हटेना.

"हे तुमच्या पाखराईनं होऊन राह्यलं," ती म्हणाली.

प्रेमानंदनं ते कानाआड केलं. डोकं दुखलं तरी पाखरं, घरात मुंग्या झाल्या तरी पाखरं, हे तो इतकी वर्षं ऐकत आला होता. त्यानं औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणून दिली. ती संपली, दुसरी आणली. जिना चढताना ती मधेच भिंतीला हात लावून उभी राहू लागली. त्याला वाटलं, वय झालं, वजन वाढलं. वजन तर उलट उतरत होतं, पण रोज पाहणाऱ्याला ते कुठं दिसतं!

बुद्धपौर्णिमेला अकोल्याहून त्यांची मुलगी महामाया माहेरी आली. संध्याकाळी विहारात गाणी होती. प्रेमानंद मागे लाइटच्या माळांची वायर बघत उभा होता. सुवर्णानं गाणं उचललं. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याच्या मध्यावर तिचा आवाज एकदम तुटला. तिनं हातानं बायांना म्हणत राहा अशी खूण केली आणि खाली बसली. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. बायांनी कसंबसं गाणं पुरं केलं.

महामाया धावत मागे आली. "बाबा, आईचे ओठ काळेनिळे पडून राह्यले. तुम्ही घरात राह्यता ना? तुमाले दिसत नाई?"

अकोल्याला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो झाले, नळीत फुंकायला लावलं. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "घरात पक्षी वगैरे आहेत का?"

सुवर्णानं नवऱ्याकडे पाहिलं.

"हाव," प्रेमानंदच म्हणाला. "कबुतरं हायेत."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आंधीपासून."

"त्यांची जागा साफ कोण करतं?"

प्रेमानंद टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. शेवटी महामाया म्हणाली, "आई."

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली होती. सगळ्यांना बाधत नाही, काहींना बाधते. फुप्फुसं कडक होत चालली होती. जेवढी झाली तेवढी आता मऊ होणार नव्हती. पुढचं थांबवायचं असेल तर घरात एक पीसही राहता कामा नये.

प्रेमानंदनं हुज्जत घातली नाही. नांदुऱ्याकडे, वडनेर भोलजीला पंजाबराव नावाचा शेतकरी त्याचा जुना दोस्त होता, त्यालाही पाखरांचा शौक. दुसऱ्याच दिवशी टोपल्यांत भरून सगळी कबुतरं त्याच्याकडे पोचवली. परत येऊन त्यानं खुराडं मोडलं, गच्ची फिनेलनं धुतली. सुवर्णा त्या दिवशी शेजारी जाऊन बसली होती.

पंजाबरावनं पाखरं मोकळी सोडली त्याच संध्याकाळी ती सगळी परत आली. मोडलेल्या खुराड्याच्या जागेवर रांगेनं बसली आणि दाण्यासाठी घुमू लागली.

पंजाबराव स्वतः येऊन पुन्हा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "प्रेमानंदभाऊ, याईचे पंख कातरा लागते. नाईतर हे काई राह्यत नाई माह्याकडे."

"कातर," प्रेमानंद म्हणाला.

आठवडाभरानं फोन आला. पंजाबरावला बोलणं जड जात होतं. "भाऊ, मांजर शिरलं होतं जाळीत. उडताच येत नव्हतं ना त्याईले. एक नाई राह्यलं."

प्रेमानंदनं बरं म्हणून फोन ठेवला. घरात कुणाला सांगितलं नाही.

एक पांढरा नर तेवढा त्या दुसऱ्या खेपेला हाती लागला नव्हता. तो घर सोडेना. स्वयंपाकघराच्या झरोक्यात येऊन बसायचा, पंख फडफडवायचा, आणि आत सुवर्णाला खोकल्याची उबळ यायची. प्रेमानंदनं काठी आपटली, पाणी मारलं, फटाके लावले. झरोक्याला जाळी ठोकली तर तो जाळीला लगटून बसू लागला. एका उबळीनंतर सुवर्णा अर्धा तास भिंतीला टेकून होती. डोळ्यांतून पाणी, हातपाय गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंद गच्चीवर गेला. तळहातावर ज्वारी घेतली आणि हात पुढे केला. नर सरळ येऊन मनगटावर बसला, नेहमीसारखा. त्याला दोन दाणे टिपू दिले. मग दुसऱ्या हातानं धरलं आणि मान पिरगाळली. पाखरू हातात थोडा वेळ थरथरलं. पिशवीत घालून त्यानं ते जिनिंगच्या मागच्या पडीक जागेत पुरलं आणि ड्युटीवर हजर झाला.

रविवारी विहारात पंचशील सुरू झालं. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलंच शील. सगळे हात जोडून म्हणत होते. प्रेमानंदचे ओठ हलले नाहीत. दुसऱ्या शीलापासून त्यानं म्हणायला सुरुवात केली.

पावसाळा संपता संपता पुन्हा अकोल्याला तपासायला गेले. डॉक्टर बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. वाढ मंदावली होती, पण पूर्ण थांबली नव्हती. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल, म्हणाल्या. गाण्याचं सुवर्णानं विचारलं नाही. महामायानं विचारलं, तेव्हा बाईंनी फक्त नकारार्थी मान हलवली.

परतीच्या एसटीत सुवर्णा खिडकीशी बसली. तोंडाला रुमाल. बाळापूर गेलं तशी ती म्हणाली, "तो पांढरा... कुठी गेला?"

"उडून गेला कुठंतरी."

"खोटं नोका बोलू." तिनं दम घेतला. "म्या जिन्यातून पाह्यलं. तुमाले बोलवाले आली होती वर."

प्रेमानंद समोरच्या सीटचा दांडा धरून बसला.

"म्या कई... मारा म्हनलं नवतं," ती म्हणाली. रुमाल बाजूला करून तिनं पुन्हा श्वास ओढला. "पयलेच... आयकलं असतं..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. दम पुरला नाही, की तिलाच बोलायचं नव्हतं, ते त्याला कळलं नाही. तिच्याकडे तोंड करून तो वाट बघत राहिला. गाडी हायवेच्या खड्ड्यांतून हेलकावे खात होती. खामगावचा स्टँड आला, तिनं त्याच्या खांद्याला धरलं आणि एक एक पायरी थांबत खाली उतरली.