विद्यार्थ्यांच्या वापरासाठी

मी मायक्रोस्कोप बोलतोय. विज्ञान महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागात, काचेच्या कपाटात माझी सहा वर्षं गेली. माझ्या पायाशी पितळी पाटी होती : ‘विद्यार्थ्यांच्या वापरासाठी सप्रेम भेट’. दर शनिवारी शिपाईकाका विभागप्रमुखांकडून किल्ली आणून कपाट उघडायचे आणि ती पाटी पुसायचे. मला हात लावायची मात्र त्यांनाही परवानगी नव्हती.

कारखान्यात माझी चार भिंगं बसवताना तिथल्या कारागीर बाईनं श्वाससुद्धा रोखून धरला होता. तेव्हा मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोठं घडणार. खोक्यातून निघालो तो एका निवृत्त तपासनीस बाईंच्या हातांत. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं रक्ताचे नमुने तपासलेल्या त्या बाई. शिकल्या त्या याच कॉलेजात. त्यांच्या वेळी सगळ्या वर्गात मिळून एकच मायक्रोस्कोप होता आणि आपली पाळी येईपर्यंत तास संपायचा. म्हणून त्यांनी मला इथे आणून दिलं. “पोरांना मनसोक्त बघू द्या,” एवढंच म्हणाल्या आणि लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या.

विभागप्रमुख सर तसा सज्जन माणूस, पण काळजी हाच त्यांचा श्वास. “मुलांच्या हाताला वळण नाही. काही मोडलं तर बाईंना काय तोंड दाखवू?” असं म्हणून त्यांनी मला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

काचेतून सगळं दिसायचं, हेच वाईट. समोरच्या टेबलावर एक जुना मायक्रोस्कोप होता. त्याचं बटण ढिलं झालेलं, मुलांनी ते रबरबँडनं आवळून ठेवलेलं. दिवसभर त्याच्यावर झुंबड. कुणी कोपरानं ढकलायचं, कुणी त्याच्यावर शिंकायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, अगदी जळफळाट व्हायचा.

वर्षातून एकदा माझी सुटका होई, ती गुणगौरव समारंभाला. व्यासपीठावरच्या टेबलावर मला मांडायचे. अहवालात वाचायचे, ‘या उपकरणाचा असंख्य विद्यार्थ्यांनी लाभ घेतला.’ टाळ्या पडायच्या. फोटो निघायचा, तो बाईंना पाठवला जायचा, आणि पाहुण्यांचा चहा संपायच्या आत मी पुन्हा कुलपात.

तिसऱ्या वर्षी माझ्या सगळ्यात मोठ्या भिंगाच्या आत काहीतरी सरपटू लागलं. कोंदट हवा, ओल, वारा नाही. पांढरे बारीक धागे रोज थोडे पसरत गेले. मला ओरडता येत नव्हतं. समोरून शंभर डोळे जायचे, पण माझ्याकडे बघायचे ते पाटी वाचण्यापुरतेच.

सहाव्या वर्षी एक मुलगी आली. मैत्रिणी तिला ‘चिकट’ म्हणायच्या, कारण एकदा मागे लागली की सोडायची नाही. वसतिगृहाच्या टाकीतल्या पाण्यात कोणकोणते जीव आहेत, हे ती शोधत होती. ती सरांकडे चार वेळा आली. “सर, फक्त एक तास. तुम्ही शेजारी उभे राहा.” सर चारही वेळा म्हणाले, “बघू पुढच्या महिन्यात.” शेवटी त्या रबरबँडवाल्यावरच तिनं डोळे फोडले आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आली.

यंदाच्या समारंभाला बाई स्वतः आल्या. हातात काठी, पण नजर लख्ख. त्या येण्याआधी सरांनी चिकटला माझ्याजवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बाईंनी विचारलं तर यावरच काम केलं म्हण. कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे. शिवाय पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्तीही त्याच देणार आहेत, तुझं नाव पहिलं आहे.”

चिकटचे वडील हयात नव्हते. ती शिष्यवृत्ती नाही मिळाली तर तिचं शिक्षण थांबणार, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मलाही. मी मनात म्हटलं, म्हण गं पोरी हो, माझं काय व्हायचं ते होईल.

बाई आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “शाब्बास! कसा वाटला गं हा? मोठं भिंग जड तर नाही ना फिरत?”

चिकटनं एकदा सरांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, “मला नाही माहीत, आजी. मी याला अजून हात लावलेला नाही. कुणीच नाही लावला.”

बाईंनी काठी टेबलाला टेकवली. माझं मोठं भिंग अलगद फिरवून काढलं, उजेडात धरलं आणि माझं डोळा लावायचं भिंग काढून, उलटं धरून त्यातून ते निरखलं. किती सराईत हात होते ते! सहा वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं.

“बुरशी,” त्या म्हणाल्या. “काच खाल्ली तिनं. हे गेलं.” मग सरांकडे वळल्या. “कपाटात ठेवायला माझ्या घरी जागा होती, सर.”

सरांचा चेहरा पडला. “चुकलं माझं,” एवढंच त्यांना बोलता आलं. शिष्यवृत्ती चिकटलाच मिळाली. बाईंनी कागदावर तिथेच सही केली.

आता मी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. तीन भिंगं चालतात, चौथ्याच्या जागी नुसतं भोक आहे. जे दिसायचं राहिलं ते राहिलंच. सहा वर्षांतली मुलं माझ्यातून काहीच न बघता बाहेर पडली, त्याचं वाईट वाटतं. तुमच्याकडेही कुणी प्रेमानं काही दिलं असेल तर बाबांनो, ते वापरा. मोडलं तर मोडू दे.

काल एका मुलीनं भिंग जोरात खाली आणलं. स्लाइड फुटली, काच माझ्या अंगावर उडाली. सर धावत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले, “तुला कुठं लागलं का गं?”