झडपेसकट ऑस्ट्रेलियाला

मी एक जुनी झडप आहे. दाराची नव्हे, पंपाचीही नव्हे. पोलिक्सेनी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या हृदयात मी राहते, आणि मित्रांनो, मी नुकतीच ऑस्ट्रेलियाला जाऊन आले! माझ्या जातीच्या झडपा फार तर दवाखान्यापर्यंत जातात आणि परत येतात. त्यामुळे आज मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथे माणसं टोप्या आणि हातमोजे घालून वावरत, शिंकायचीही चोरी! दोन काळ्या गुळगुळीत पाकळ्या, त्यांच्याभोवती कडी आणि कडीला कापडाची किनार, एवढंच माझं रूप. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी मी. पण काम ऐकाल तर तोंडात बोट घालाल. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरकू द्यायचं नाही. उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. मला रविवार नाही, सण नाही, ईस्टरची सुट्टीसुद्धा नाही.

पोलिक्सेनीची जन्माची झडप कडक होऊन बसली होती. ग्रीसमधल्या यानिना शहराच्या इस्पितळात डॉक्टरांनी ती काढली आणि तिच्या जागी मला बसवलं. शुद्धीवर आल्यावर पोलिक्सेनीने पहिला प्रश्न केला, "हे घड्याळ कुणाचं वाजतंय?"

"तुमचंच आहे, आजी," नर्स म्हणाली. ती टिकटिक माझी होती.

डोंगरातल्या आमच्या गावी परतल्यावर माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! पोलिक्सेनीचा नवरा थिमिओस कॉफीघरात सगळ्यांना सांगत सुटला, "माझी बायको आता बिनकिल्लीची चालते." बायका तिच्या छातीला कान लावून मला ऐकायच्या. पण कौतुक चार दिवसांचं. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. मी होतेच, म्हणून कुणाला माझी आठवण होईना.

माझी एक नाजूक बाजू आहे. माझ्या पाकळ्यांवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून पोलिक्सेनीला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. हिरव्या पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून पालेभाजीही तिला मापात खावी लागते. आता आमच्याकडच्या बाईला रानभाजी भरून भाजलेली पिटा मापात खा म्हणणं म्हणजे मांजराला दूध मापात पी म्हणण्यासारखं. तरी बिचारी शिकली. नेमाने रक्त तपासून घेऊ लागली.

आणि मग एके दिवशी मेलबर्नहून तिच्या थोरल्या बहिणीचा, आग्लायाचा फोन आला. आग्लाया लग्न करून बोटीने तिकडे गेली, तेव्हा पोलिक्सेनी दोन वेण्यांची पोर होती. त्यानंतर दोघींची भेट नाही.

"माझ्या डोळ्यांत मधोमध काळं झालंय गं," आग्लाया म्हणाली. "कडेचं तेवढं दिसतं, तेही जाणार म्हणतात. मला चालवत नाही, नाहीतर मीच आले असते. फोनवर तुझं तोंड टिकलीएवढं दिसतं. दिसतंय तोवर ये आणि तोंड दाखवून जा."

पोलिक्सेनी भिंतीला टेकली. मी आत एकदम धावत सुटले. जायचं, जायचं, जायचं! त्या क्षणी आम्हा दोघींच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पण आग्लायाच्या मुलीची अट होती की प्रवासाचा विमा काढल्याशिवाय मावशीने विमानात पाय ठेवायचा नाही. तिकडे परक्या माणसाला इस्पितळात ठेवायची वेळ आली तर इथलं घरदार विकूनही भागलं नसतं. म्हणून दोघं नवराबायको यानिनाला कोस्मासच्या कचेरीत गेले. कोस्मास विमा काढून देतो आणि गावातल्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतो. पहिल्या कंपनीने 'झडप' हा शब्द ऐकताच नकार दिला. दुसरी म्हणाली, हृदय सोडून बाकी सगळ्याचा विमा देऊ.

"म्हणजे छाती घरी ठेवून जायची का?" थिमिओस उसळला. "कोस्मास, झडपेचं बोलायचंच कशाला? ती आत आहे. तिला कोण बघायला जातंय?"

मित्रांनो, मला किती लागलं म्हणून सांगू! रात्रंदिवस राबावं आणि वर आपल्यालाच लपवावं? पण कोस्मास चांगला खमक्या निघाला. "काका, तिकडे मावशींना काही झालं, तर कंपनी आधी जुने कागद उकरते. लपवलंय असं दिसलं की हात वर करते. मग विमा असून नसल्यासारखाच. झडपेचं सांगूनच विमा मिळवू."

तिसऱ्या कंपनीची पद्धत निराळी होती. त्यांची डॉक्टर फोनवर प्रश्न विचारायची, आणि दिलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदलं जायचं. तिचं नाव दानाए. आवाज गोड होता.

"कशा आहात, पोलिक्सेनीबाई?" तिने विचारलं.

इथे आमचा घात झाला. आमच्या डोंगरात या प्रश्नाला कुणी 'बरी आहे' म्हणत नाही. तसं म्हटलं की दृष्ट लागलीच म्हणून समजा. चांगल्या धडधाकट बायकाही चार दुखणी सांगतात, कपाळाला हात लावतात, आणि मग निर्धास्तपणे पिटा लाटायला बसतात.

"कसली कशी, बाई!" पोलिक्सेनीने उसासा टाकला. "दिवस ढकलतेय झालं. दम लागतो, पाय गळून जातात, छातीत कसंतरीच होतं. आज आहे, उद्या नाही."

मी आत थक्क! अहो, त्याच सकाळी ही बाई टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून गेली होती आणि उतरताना गात आली होती! मी जिवाच्या आकांताने टिकटिकले, पण झडपेचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी नकार आला. कोस्मासने कपाळ बडवून घेतलं. "मावशी, तुम्ही डॉक्टरांशी बोलत होतात, शेजारणीशी नाही!"

"मीच माझ्या तोंडाने दार लावून घेतलं रे," पोलिक्सेनी म्हणाली आणि रडू लागली. "आता आग्लायाला माझं तोंड दिसायचं नाही."

कोस्मासने हार मानली नाही. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून त्याने नव्या तपासण्या करून घेतल्या. माझ्या पाकळ्यांची हालचाल पडद्यावर पाहून डॉक्टर म्हणाले, "सुरेख!" मी लाजले. मग कोस्मासने दानाएला पुन्हा फोन करायची गळ घातली.

त्या दिवशी थिमिओसने बायकोच्या खिशात लसूण कोंबला, कोटाच्या आतून निळा मणी टाचला, तिच्यावर तीनदा थू थू थू केलं, आणि लाकडाला हात लावला की दृष्ट टळते म्हणून कोस्मासचं लाकडी टेबल धरून बसला.

"बाई, तपासण्यांत तुम्ही ठणठणीत आहात," दानाए म्हणाली. "आणि तुमच्या तोंडून ऐकलं तर मरणपंथाला लागलेल्या. खरं कुठलं? नीट सांगा. कशा आहात?"

खोलीत फक्त मी वाजत होते.

"बोल गं," थिमिओस कुजबुजला. "मी टेबल धरलंय."

"मी..." पोलिक्सेनीने डोळे गच्च मिटले. "मी बरी आहे, बाई. चांगली बरी आहे!"

जन्मात पहिल्यांदा तिने हे मोठ्याने म्हटलं. मग मात्र तिला थांबवता थांबवेना. झडप आहे, ती वाजते, गोळी रोज घेते. टेकडी चढते, मध्ये एकदा टेकते, खोटं कशाला बोलू? मागच्या वसंतात भाजी जास्त खाल्ली म्हणून रक्ताची तपासणी बिघडली होती, तेव्हा डॉक्टरांनी गोळीचं माप बदलून दिलं. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दृष्ट लागते ना!"

पलीकडून टकटक असा आवाज आला. "माझी आजीपण अशीच आहे हो," दानाए म्हणाली. "मीसुद्धा लाकडाला हात लावला. निघायच्या आठवड्यात रक्त तपासा, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. विमा देते. झडपेसकट देते!"

झडपेसकट! मित्रांनो, कोस्मासने पोलिक्सेनीला उचलायचंच बाकी ठेवलं. थिमिओस टेबल सोडायला तयार होईना. आणि मी? जिला लपवायला निघाले होते, त्या मला आता नावासकट विमा मिळाला होता. मी इतकी नाचले की पोलिक्सेनीला छातीवर हात ठेवून "हळू गं बये" म्हणावं लागलं.

मग विमान, ढग, खाली निळं पाणी, पुन्हा विमान! पोलिक्सेनी घड्याळ लावून गोळी घ्यायची आणि पाय आखडू नयेत म्हणून उठून फेऱ्या मारायची.

आग्लाया दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिने बहिणीला हाताला धरून खिडकीपाशी ओढलं, उजेडात. समोरून तिला दिसत नव्हतं. म्हणून ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघू लागली. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, गाल पाहिले. एका बाजूने पाहून झालं की दुसऱ्या बाजूने.

"हनुवटी आईची आहे गं तुझी," ती अखेर म्हणाली. "मी इतकी वर्षं चुकीचाच चेहरा आठवत होते. आता अंधारात बरोबर आठवेन."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या छातीत माझी एखादी बहीण टिकटिकत असेल. तिला विसरू नका, गोळी चुकवू देऊ नका. दुखणं लपवायला सांगू नका आणि फुगवून सांगू देऊ नका, जेवढं आहे तेवढंच सांगू द्या. आणि ते माणूस कुणाला भेटायला जातो म्हणालं, तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून त्याला बसवून ठेवू नका. आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत आग्लायाच्या डोळ्यांच्या कडाही विझल्या. आता फोनवर पोलिक्सेनीने नुसतं "हॅलो" म्हटलं, की ती पलीकडून म्हणते, "दिसलीस!"