दादाने मला खोटं पाडलं

मी एक जुना क्षितिजदर्शक आहे. नाव भारदस्त असलं, तरी मित्रांनो, काम सरळ आहे. छोट्या विमानात वैमानिकाच्या नाकासमोर मी बसतो. माझा चेहरा वर निळा आणि खाली तपकिरी, म्हणजे आभाळ आणि जमीन. बाहेर काही दिसेनासं झालं, तरी विमान सरळ आहे की कलंडलंय, हे मी दाखवतो. माझ्या पोटात एक भोवरा गरगरत असतो. त्याला ढगाबिगाचं काही सोयरसुतक नसतं.

मला घडवणाऱ्या बाईंनी डोळ्याला भिंग लावून तो भोवरा बसवला, तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरला होता. पुढे मी दादाच्या विमानात आलो. सगळा विमानतळ त्याला दादाच म्हणायचा. तो स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "हा आपला सच्चा गडी!" मी नुसता फुगून जायचो. खरं तर लख्ख उजेडात उडणारा दादा माझ्याकडे क्वचितच बघायचा. पण कौतुक कुणाला नको असतं?

एके दुपारी दादाचा धाकटा भाऊ आमच्या विमानातून डोंगरापलीकडच्या गावी निघाला. तिथे त्याची बायको बाळंत झाली होती. मुलाचं तोंड पाहायची त्याला कोण घाई! डोंगरावर ढग उतरल्याचं विमानतळावरच्या लोकांनी सांगितलं. दादा हसला.

"खालचा रस्ता दिसतोय ना? त्याच्या कडेकडेने जाऊ."

रस्ता दिसत होता तोवर ठीक होतं. मग खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या. वर काय, खाली काय, काही कळेना. डावा पंख हळूहळू खाली जाऊ लागला. मी लगेच दाखवलं. दादाला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. ढगात माणसाला त्याचं स्वतःचं अंगच फसवतं.

"दादा, यात आपण वाकडे दिसतोय रे," धाकटा म्हणाला.

"ते बिघडलंय. माझं विमान मला कळतं." दादाने माझ्या काचेवर टिचकी मारली. मी जिवाच्या आकांताने तेच दाखवत राहिलो.

आम्ही डोंगराच्या उतारावर आदळलो. दादा वाचला. धाकटा गेला, मुलाचं तोंड न पाहता.

शुद्धीवर आल्यावर दादा भेटेल त्याला सांगू लागला, "यंत्राने दगा दिला." माझी काच पुसणारा तो दादा! दगा कुणी कुणाला दिला, तुम्हीच सांगा. मला हे आजही सहन होत नाही.

तपासाला आलेल्या लोकांनी मला टेबलावर ठेवून चालवलं. दादाही तिथे होता. धाकट्याची बायको तान्ह्याला घेऊन समोर उभी होती. माझ्या काचेला तडा गेला होता, तरी ते मला जसजसे कलंडवत गेले, तसतसं मी बरोबर दाखवत गेलो.

"भाऊजी, हे तर चांगलं चालतंय," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. "त्या दिवशी बिघडलं असेल," तो म्हणाला.

मित्रांनो, पुढे ढग दिसले तर खुशाल मागे फिरा, त्यात कसला आलाय कमीपणा? आत अडकलातच, तर अंगाला काय वाटतंय ते सोडा आणि माझ्याकडे बघा. तेही जमलं नाही आणि जीव वाचला, तर निदान खरं बोला. ते तान्हं उद्या मोठं होईल आणि बाबा कसे गेले म्हणून विचारील. तेव्हा उत्तर दादा देणार आहे, मी नाही.