तातडीचा नंबर

धाकटीने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, बाहेर ‘बंद’ची पाटी अडकवली आणि मोबाइल आरशाला टेकवून उभा केला. तो घसरला. मग तिने कंगव्यांचा डबा पुढे अडसर म्हणून ठेवला आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. ती कुरकुरते हे आजच कळलं.

काहीही झालं तरी आज हा कॉल करायचाच, असं तिने ठरवलं होतं. याआधीही ठरवलं होतं आणि ऐन वेळी कच खाल्ली होती, ही गोष्ट वेगळी. पण मागच्या आठवड्यात एका पिकल्या केसांच्या बाईंची वेणी हातात धरली आणि कात्री चालेचना. बोटं जागच्या जागी आखडली. ‘धार गेलीय’ अशी थाप मारून तिने बाईंना परत पाठवलं. हे पहिल्यांदा झालं नव्हतं. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकानाशिवाय तिच्याजवळ होतं काय?

पडद्यावर थेरपिस्टबाई आल्या. मागे पांढरी भिंत, नाकावर चष्मा, केस कोणीतरी घाईघाईत कापलेले. ते पाहून धाकटीला जरा धीर आला. आता या डोळे मिटायला लावतील, नाहीतर चार उपदेश करून मोकळ्या होतील, असा तिचा अंदाज. बाईंनी भलतंच विचारलं.

“आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात? पूर्ण पत्ता सांगाल?”

“का? येताय की काय?”

बाई हसल्या. “मी लांब आहे, म्हणूनच विचारते. बोलता बोलता तुम्हाला काही झालं, तर तिथे कोणाला तरी पाठवता आलं पाहिजे.”

धाकटीने पत्ता सांगितला, हात आखडतो तेही सांगितलं. कॉल तुटला तर बाईच पुन्हा लावणार होत्या. बोललेलं दोघींतच राहणार होतं. जिवावर बेतण्यासारखं काही असलं तरच नाही. आणि हात कधी सुटेल याची तारीख मी देणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. हे धाकटीला पटलं. तीही गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवत नसे.

“आता एक नंबर द्या. तातडीची वेळ आली तर कोणाला फोन करू? जवळच राहणारं, लगेच धावून येईल असं माणूस.”

निम्म्या वस्तीतल्या बायका या खुर्चीत बसून तिच्याजवळ मन मोकळं करून जात. तिचं कोण, हे कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या चावीवाल्याला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. आई गेली होती. उरली थोरली.

“बहीण आहे. दोन गल्ल्या सोडून राहते. पण ती नाही यायची.”

“का बरं?”

धाकटीने चाळा म्हणून डब्यातला कंगवा ओढला, डबा सरकला आणि मोबाइल उताणा पडला. ती उचलायला वाकली.

“राहू द्या तसाच,” बाई म्हणाल्या. “मला ऐकू येतंय.”

छताकडे बघणाऱ्या मोबाइलशी बोलणं सोपं होतं.

“आई अंथरुणाला खिळली होती. केसांचा नुसता गुंता. उशीला डोकं टेकवेना. मला म्हणाली, काप गं. मी अगदी बारीक कापले. कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली. आठवड्यात ती गेली. तेव्हा ताई सगळ्यांसमोर म्हणाली, ‘ओळखू येणार नाही अशी करून पाठवलीस तिला.’ तेव्हापासून आमचं बोलणं बंद.”

“आईनेच सांगितलं होतं, हे त्यांना माहीत आहे?”

“तिने विचारलं नाही. मीही नाही सांगितलं.”

मग धाकटी रडली. गिऱ्हाइकाच्या टॉवेलात तोंड खुपसून पोटभर रडली.

निरोप घेताना बाईंनी पुन्हा आठवण करून दिली. नंबर हवाच, आणि ज्याचा द्याल त्याला सांगायलाही हवं. धाकटीने थोरलीचा नंबर पाठ म्हणून दाखवला. कॉल संपल्याबरोबर, अवसान गळायच्या आत, तिने उभ्या उभ्याच फोन लावला.

“ताई, मी.”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“मी एका बाईंशी बोलते, मोबाइलवर. मनाच्या डॉक्टर समज. तातडीला कोणाचा तरी नंबर लागतो. तुझा दिलाय. नको असेल तर तसं सांग.”

“कधी असतं ते?”

“बुधवारी. दुपारी तीनला.”

“बरं.”

आणि फोन ठेवला. बरं म्हणजे काय? धाकटीला असा संताप आला की तिने झाडलेलं दुकान पुन्हा झाडून काढलं. बुधवार मात्र तिने रद्द केला नाही.

बुधवारी ती बोलायला लागते न लागते तोच बाहेर कोणीतरी शटर वाजवलं.

“अहो, नुसती टोकं कापायचीत!”

“दुकान बंद आहे,” दुसरा आवाज म्हणाला. “चारनंतर या.”

“आत बोलणं ऐकू येतंय की!”

“येऊ दे. तुम्ही चारनंतर या.”

धाकटीने वाकून पाहिलं. शटरखाली घडीच्या खुर्चीचे पाय दिसत होते, आणि त्यांच्यामधे टाचा झिजलेल्या, ओळखीच्या चपला.

“बाहेर कोणी आहे का?” थेरपिस्टबाईंनी विचारलं. “ऐकू जात असेल तर आपण थांबू या.”

“नको,” धाकटी म्हणाली. “तिला जाऊ दे ऐकू.”

तिने खुर्ची शटरच्या बाजूला वळवली, आवाज जरा चढवला, आणि आई ‘काप गं’ म्हणाली होती तिथपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.