रोज पन्नास वेळा

मी कप्पी बोलतेय. विहिरीवरची. नळाखाली बादली लावणारी माणसं तुम्ही, तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. लोखंडाचं एक चाक, त्याला खाच, खाचेत दोर. एवढाच माझा जीव. पण एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त कळते. दोराच्या टोकाला काय आहे, ते मी न बघता सांगते. रिकामी बालदी, भरलेली बालदी, तळाला गाळ घेऊन आलेली बालदी, सगळं अंगावर कळतं.

कल्याणच्या एका लोहाराने मला घडवलं आणि अंबरनाथजवळ मोरिवली गावात, बावीस हात खोल विहिरीवर मी चढले. तेलाच्या बाबतीत गाव पहिल्यापासून कंजूष. दिवाळीला दोन थेंब मिळाले तर नशीब. मग मी कुरकुरणार नाही तर काय करणार? बायका म्हणायच्या, "हिचं तोंड सकाळपासून चालू." त्यांची स्वतःची तोंडं जशी काही बंद असायची.

त्या विहिरीवर कोंडाजीची दोन मुलं पाण्याला यायची. भगवान सतरा वर्षांचा, त्याची बहीण तुळशी अकराची. एका तिन्हीसांजेला वर आलेली बालदी धरायला तुळशी वाकली आणि आत गेली. पडता पडता तिने दोर पकडला आणि दोरासकट तळाशी गेली. विहिरीवर दुसरं कुणी नव्हतं. भगवान ओढायला लागला. अंगाने काडी, पण ओढत होता. वीस हात वर आणली त्याने तिला. दोन हात उरले आणि त्याचा उजवा हात भरून आला. त्याने दोर सोडला.

मी गरकन उलटी फिरले. माणसं जमली तेव्हा तो म्हणाला, "तिच्या हातून दोर सुटला." सगळ्यांना ते पटलं. पुढे कितीतरी वर्षं विहिरीवर बायका आपल्या पोरींना सांगायच्या, मूठ घट्ट धर, तुळशीसारखी ढिली सोडू नको. मी वर बसून ऐकत होते. तिने सोडला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण कप्पीचं कोण ऐकतं? कुरकुरते म्हणून तेल घालतात, तेही घालत नाहीत.

पुढे गावात नळ आले आणि त्र्याऐंशी साली विहीर बुजवायला घेतली. गावातली म्हातारी जनाबाई म्हणाली, "विहिरीचं सामान विहिरीलाच द्या. घरात नेऊ नका." पण भगवानची बायको वेणू मला उचलून घरी घेऊन आली. "चांगलं लोखंड हाय, कवातरी लागेल," म्हणाली. भगवानने मला पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याने मला माळ्यावर टाकून वर दोन पोती टाकली.

पाच वर्षं मी तिथे होते. भगवान तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन चालवायचा. मुलगा जयदेव बदलापूरला आपल्या संसारात, घरात ही दोघंच. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात एका सकाळी भगवान चहाची बशी उचलायला गेला आणि बशी उचलेना. उजवं अंग गेलं. पाय महिन्याभरात चालायला लागला, हात तसाच लोंबत राहिला. कंपनीने सांगितलं, सहा महिने वाट बघू.

उल्हासनगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वेणूला समजावलं, "घरात आढ्याला एक कप्पी टांगा. दोर टाका, दोन्ही टोकांना मुठी बांधा. चांगल्या हाताने ओढायचं, म्हणजे दुसरा हात वर जाईल. रोज पन्नास वेळा. एक दिवस चुकला तर चार दिवस मागे जाल."

"कप्पी घरातच हाय की," वेणू म्हणाली.

"ती नको," भगवान म्हणाला. "बाजारातून दुसरी आण."

"घरात असताना बाजारात कशाला?" आणि मी आढ्यावर चढले. खरं सांगते, मला आनंद झाला. पाच वर्षांनी अंगावर दोर आला होता.

वेणू त्याचा मेलेला पंजा फडक्याने मुठीला बांधायची आणि शेजारी बसून मोजायची. पण नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्याने खुर्ची भिंतीला लावली. "आडातच नाय, तर पोहऱ्यात कुठून येणार? या हातात आता काय उरलं नाय."

"पोहरा तर टाका आधी," वेणू म्हणाली आणि खुर्ची पुन्हा माझ्याखाली ओढली.

गणपती होऊन गेले होते. त्याच तिन्हीसांजेला दहावी ओढ झाली आणि मी दचकले. उजव्या बाजूला त्याच्या हाताचं वजन होतं, आणि हाताच्या खाली आणखी वजन होतं. डोळ्यांना दोर मुठीशी संपलेला दिसत होता. माझ्या अंगावर मात्र तो जमिनीच्या आत गेलेला होता, खाली, बावीस हात. टोकाला अकरा वर्षांची पोर होती. छत्तीस वर्षं झाली म्हणून काय झालं, मी वजन विसरत नाही. तिने मूठ अजून सैल केलेली नव्हती.

भगवानच्या कपाळावर घाम आला. वेणू चुलीपाशी गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुळशे?"

त्यानंतर त्याला व्यायामाला बसा असं कधी सांगावं लागलं नाही. उजाडायच्या आत तोंड न धुता तो खुर्चीत बसलेला असायचा. वेणू शेजारणींना कौतुकाने सांगायची, आमच्या घरात आता घड्याळ नको. तिला काय माहीत. रोज पन्नास ओढी, आणि पन्नास ओढींना खालचं वजन चार बोटं वर. एकदा गावात हळद होती, रात्रभर बेंजो वाजला, भगवान सकाळी उठला नाही. दुसऱ्या दिवशी बसला तर ती हातभर खाली गेलेली. त्याला ते कळलं. पन्नासच्या जागी त्याने दीडशे ओढी घेतल्या, आणि डोळे पुसले ते उजव्या हाताने. वेणू बघतच राहिली.

माघात हात कामाला लागला. भाकरी मोडायला लागला, शर्टाची बटणं लावायला लागला. कंपनीने पुढच्या महिन्यापासून कामावर बोलावलं. आणि त्याच आठवड्यात, दोन हात उरले असताना, भगवान खुर्चीतून उठला. "हात बरा झाला," म्हणाला. "दोर काढून टाक."

तो घाबरला होता. वर आल्यावर ती काय विचारील याची भीती होती त्याला. मलाही होती, लपवू कशाला.

कामाच्या धांदलीत वेणूने दोर काढलाच नाही. मी ते वजन धरून राहिले, पण नुसत्या कप्पीने काय धरलं जातं? रोज ती थोडी थोडी खाली जायची. आठ दिवसांत भगवानच्या हातातून पेला पडला. पंधराव्या दिवशी बोटं वळेनात. सोमवारी कामावर जायचं, आणि शनिवारी त्याच्याच्याने दाराची कडी निघेना.

वेणू चिडली. "करायचंच नसलं तर बाईने शिकवलं कशाला? बघा, मी करून दाखवते." तिने मूठ धरून दोर ओढला आणि थांबली.

"आवो, याला काय बांधलंय?"

भगवान भिंतीपाशी उभा होता. पांढरा पडला होता.

"भरल्या बालदीहून जड हाय. सोडू का?"

"नको," तो म्हणाला. "सोडू नको." मग खाली बघून बोलला. "तुळशी हाय. तिच्या हातून दोर नव्हता सुटला. मी सोडला. तिनं नाय सोडला, वेणू. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता वेणू किंचाळेल, दोर टाकून पळेल. पण मूठ तिने सोडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग धरा की. मी एकटी किती धरणार?"

त्याने उजवा हात पुढे केला. बोटं वळत नव्हती, डाव्या हाताने एकेक बोट वळवून त्याने मूठ आवळली. दोघांनी मिळून ओढलं. मी इतकी ओरडले की बाहेर कुत्री गप्प झाली. मोजायचं कुणाला सुचलं नाही. पन्नासच्या कितीतरी पुढे गेले ते.

आता ऐका. वजन पडलं तर मी गरकन उलटी फिरते. कुणी काठावर उतरवून घेतलं तर नुसती थरथरते. त्या दिवशी मी थरथरले.

भगवान सोमवारी कामावर गेला. व्यायाम मात्र त्याने पुढे एक दिवसही सोडला नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. कधी दोघं बाहेर गेलेली असताना, दिवेलागणीला, कुणीतरी मला ओढायचं. खालून, लहानशा हाताने, हलकं हलकं. बरोबर पन्नास वेळा. वेणूला ते ठाऊक असावं, कारण एका बाजूची मूठ तिने बरीच खाली बांधून ठेवली होती.

सत्त्याण्णव साली जयदेव त्यांना बदलापूरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. तिथे आढं नाही, सगळा स्लॅब, म्हणून मी मागे राहिले. टेम्पो लागला. भगवान पुढे जाऊन बसला. वेणू कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर थांबली, आत रिकाम्या घराकडे बघून म्हणाली, "चल गो तुळशे, उशीर होतो," आणि थोडं थांबून मग दार ओढलं.

तेव्हापासून मला कुणी ओढलेलं नाही. बरं झालं, असंच व्हायला हवं होतं, पण करमत नाही. कुणाचा खांदा धरला असेल, कुणाचा हात गेला असेल, तर मला खुशाल काढून न्या. तेल घाला अगर घालू नका. पण रोज पन्नास म्हणजे रोज पन्नास, आणि एकदा दोर धरलात की मधेच सोडू नका. खाली काय लोंबतंय, ते तुम्हाला कळत नाही. मला कळतं.