सात गाद्यांखालचा दाणा

आटपाट नगर नव्हतं. निलंग्याहून एस.टी.नं पाऊण तास, मग फाट्यावर उतरून दीड किलोमीटर पायपीट, तेव्हा कुठं लागणारं बोरतळी नावाचं गाव होतं. राजा नव्हता, सरपंच होते. आणि राजकन्या म्हणाल तर सिद्धेश्वरची सोळा वर्षांची लेक अक्षरा. पण तिला राजकन्या म्हणण्याइतकं गाव उदार नव्हतं. गाव तिला 'भूकंपबाई' म्हणायचं.

नवव्या वर्षी तापात अक्षराचे कान गेले. दोन वर्षांपूर्वी एका नव्या प्रयोगात पुण्याच्या डॉक्टर रेणुकांनी तिच्या कानामागच्या हाडात तांदळाएवढं यंत्र बसवलं आणि पोरीला पुन्हा आईची हाक ऐकू आली. घरात पेढे वाटून झाले. मग लक्षात आलं, की यंत्रानं गेलेलं ते परत दिलंच, वर पदरचंही थोडं घातलं आहे. अंथरुणाला पाठ टेकली की जमिनीच्या पोटातली गुरगुर अक्षराच्या हाडांतून वर यायची.

दिवाळीनंतर एका पहाटे तिनं आरडाओरडा करून सगळं गाव बाहेर काढलं. म्हातारे, लेकुरवाळ्या, एक ओली बाळंतीणसुद्धा उजाडेपर्यंत थंडीत कुडकुडत बसली. झालं काहीच नाही. ग्रामपंचायतीत भूकंप ओळखणारं एक शहाणं यंत्र बसवलेलं होतं, तेही गप्प. यंत्र गप्प म्हणजे पोरगी खोटी, असा निकाल गावानं तिथल्या तिथं लावून टाकला. या मुलखात भूकंपाची थट्टा कुणी करत नाही, आणि केलेली कुणी विसरत नाही. अक्षरा दुकानात गेली की बायका बोलायच्या थांबत. ऐकू न येण्याची पाच वर्षं बरी होती, असं तिला कधीकधी वाटायचं.

शेवटी सिद्धेश्वरनं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, सोपं आहे. यंत्रात नवा प्रोग्रॅम घालू, खालचे आवाज कायमचे बंद होतील. सिद्धेश्वरनं कागदावर सही करून टाकली.

"आप्पा, मला येतंय ते खरं हाय," अक्षरा म्हणाली.

"असल बाई. पन गावाला कसं दाखवायचं?"

रेणुकाताईंना मात्र आवाज बंद करण्यापूर्वी एकदा खात्री करायची होती. त्यांनी गावातल्या सात घरांतून सात गाद्या मागवल्या, समाजमंदिरात एकावर एक रचल्या आणि सगळ्यांत खाली तुरीच्या दाण्याएवढं थरथरणारं एक यंत्र ठेवलं. लहानपणी ऐकलेल्या एका परदेशी गोष्टीवरून हे सुचलं, असं त्या हसत म्हणाल्या. गाद्यांच्या ढिगाखालचा दाणा जिला टोचतो तीच खरी राजकन्या, अशी ती गोष्ट.

आता, पुण्याच्या माणसानं तारीख काढावी ती नेमकी वेळअमावस्येची! त्या दिवशी आमच्याकडं घरात चूल पेटत नाही. कुलपं लावून अख्खं गाव शेतात, कोपीपुढं, म्हणजे कडब्याच्या खोपटापुढं पूजा, मग भज्जी, उंडे, खीर, आणि पोट फुटेस्तोवर अंबिल. सिद्धेश्वरनं सांगून पाहिलं, "म्याडम, त्या दिशी आम्हाला काम असतंय." कसलं काम ते बाईंनी विचारलं नाही, आणि ह्यानं सांगितलं नाही. तर अशी ही राजकन्या भरल्या अमावस्येला उपाशीपोटी, सात घरांच्या वासाच्या सात गाद्यांवर हातात बटण घेऊन आडवी झाली.

"जमिनीतून आवाज आला की दाब," रेणुकाताई म्हणाल्या आणि लॅपटॉपकडं वळल्या.

दोन तास झाले. सिद्धेश्वर दाराशी उकिडवा बसून होता. शेवटी रेणुकाताईंनी चष्मा काढला.

"दाणा नऊ वेळा हलवला. तू अकरा वेळा बटण दाबलंस. एकही जुळत नाही, अक्षरा."

सिद्धेश्वरनं मान खाली घातली. पोरगी खोटी ठरावी असं त्याला कधीच वाटलं नव्हतं, आणि आता ते कागदावर आलं होतं.

अक्षरा गाद्यांवर उठून बसली. "दाना मला ऐकू आला की. पाचव्या टायमाला तुम्ही सुरू करून लगेच बंद केला. तुमचा फोन वाजला तवा."

रेणुकाताईंनी पडद्यावर पाहिलं. खरंच होतं. "मग दाबलं का नाहीस?"

"तुम्ही म्हनलाव जमिनीतला आवाज. दाना तर गादीखाली हाय. जमिनीत न्हाई."

रेणुकाताईंनी पंचायतीतल्या यंत्राची नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं! हे बघ, यंत्रालाही अकरा हादरे लागलेत, तुझ्याच वेळांना. पण त्यानं ते बाजूला टाकलेत. तुमच्या गावाजवळच्या दगडखाणीतले सुरुंग आहेत हे. रोज ऐकून ऐकून यंत्र ते ओळखायला शिकलंय. तू खोटी नाहीस गं, तुला खाण ऐकू येते."

अक्षराला हसू फुटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"आप्पा, खदानीवर सुरुंग लावनारा केरबा आज कुठं हाय?"

"कुठं असनार? आपल्याच कोपीत. सकाळधरनं अंबिल पिऊन..." सिद्धेश्वर अर्ध्यातच थांबला. मग हळूच उभा राहिला. "म्याडम, आज वेळअमावस्या हाय. खदान कालधरनं बंद हाय. आज सुरुंग उडवायला मानूसच न्हाई."

शहाणं यंत्र रोजच्या सवयीनं हादऱ्यांना खदान म्हणत बसलं होतं, आणि ज्या दिवशी खदानीत चिटपाखरू नव्हतं, त्याही दिवशी त्यानं तेच केलं. शिकलेल्यांचं असंच होतं. सणवार कुणी शिकवलेला नसतो. सहा आठवड्यांमागच्या त्या पहाटेची नोंद रेणुकाताईंनी काढली. पहाटे साडेतीन वाजता यंत्रानं चार वेळा 'खदान' लिहिलं होतं.

"साडेतीनला कोन सुरुंग लावतंय?" सिद्धेश्वर म्हणाला. "माझी पोरगी खरं बोलत होती. आन म्या सही दिली!"

"सहीचं मागून बगा आप्पा," अक्षरा ढिगावरून खाली उडी मारत म्हणाली. "आजचे पहिले दोन आवाज अर्ध्या तासाच्या अंतरानं आले. शेवटचे दोन पाच मिनिटांच्या. आन जोर वाढायलाय. दिवस मावळला की लोक घरला येतील."

तिघं एकाच फटफटीवर बसून शेतात पोचली, तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका भांडी आवरत होत्या. सिद्धेश्वर बांधावर चढला आणि जन्मात ओरडला नव्हता इतक्या जोरात ओरडला, "कुनी घरला जायाचं न्हाई!"

सरपंच बसलिंगप्पांनी कपाळाला हात लावला. "सिद्धू, पुन्हा?"

"पुन्हा. आन या वक्ताला माझ्या भरवशावर बसा. खोटं निघालं तर म्या गाव सोडीन."

डॉक्टरीणबाई लॅपटॉप उघडून शेता-शेतात फिरल्या. कुणाला आकडे कळले, कुणाला नाही. पण केरबा खदानवाला स्वतःच उठून म्हणाला, की पहाटे साडेतीनला आपण आयुष्यात बार उडवलेला नाही, आणि ते सगळ्यांना कळलं. कुरकुरत का होईना, लोक पुन्हा टेकले.

सूर्य टेकला आणि वारा नसताना ज्वारी सळसळली. अंबिलीचं मडकं आपोआप कलंडलं. मग पायांखालून असा काही दणका आला की उभी माणसं गुडघ्यांवर आली. गावाच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. समाजमंदिराचं छत सात गाद्यांवर बसलं, तीस-चाळीस घरांच्या भिंती आडव्या झाल्या. बोरतळीतलं एक माणूस, एक लेकरू त्यात नव्हतं. सगळी इथं होती, उघड्या रानात, पोटभर जेवलेली. बाळंतीण बाळाला छातीशी धरून रडत होती आणि रडता रडता अक्षराकडं बघून हात जोडत होती. अक्षराला काय करावं सुचेना. तिनं आप्पांचा हात धरला, तर आप्पाच हुंदके देत होते.

रेणुकाताईंनी पिशवीतून सही केलेला कागद काढला, फाडला आणि तुकडे पर्समध्ये कोंबले.

अंधारून यायला लागलं. थंडी पडली, लेकरं किरकिरू लागली, कुणाची गाय दावणीला राहिली होती, कुणाचं घर उभं आहे की नाही ते बघायचं होतं. तरी गावाच्या वाटेवर एकानंही पाऊल टाकलं नाही. बसलिंगप्पा सरपंच, वय वर्षं पासष्ट, पटका सावरत चालत आले आणि सोळा वर्षांच्या पोरीपुढं उभे राहिले.

"अक्षराताई," ते म्हणाले, "जावं का आता घरला?"

अक्षरा काळ्या मातीत आडवी झाली आणि कान जमिनीला लावला. चारशे माणसं जागच्या जागी उभी राहिली. आयांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून एक हाय. बसा."

सगळं गाव खाली बसलं.