रस्त्याकडे पाठ असलेला मीटर

मी एका जुन्या मोटारीचा मीटर आहे, मित्रांनो. स्टिअरिंगच्या मागे, काचेआड सुया हलवत बसलेला असतो ना, तोच. मीटर म्हटलं की तुम्हाला वाटणार, याला सगळं ठाऊक असणार. गाडीचा वेग किती, आजवर पळाली किती, पेट्रोल किती उरलंय, इंजिन तापलंय का, सगळं मीच तर सांगतो. खरं सांगू? मला काही म्हणजे काही कळत नाही. आकडे दाखवायचे एवढं मला येतं. ते कशासाठी, या बाबतीत माझा जन्मापासून गोंधळ आहे, आणि मध्यंतरी जे घडलं त्याने तर तो दुप्पट झालाय. तुम्हीच ऐका आणि काय ते ठरवा.

आधी माझी अडचण समजून घ्या. मी गाडीत बसलोय खरा, पण माझी पाठ रस्त्याकडे आणि तोंड चालवणाऱ्याकडे. डोक्यावर टोपीसारखं झाकण, दोन्ही बाजूंना कडा. त्यामुळे समोरचा एक माणूस, छातीपासून डोक्यापर्यंत, एवढंच माझं जग. शेजारच्या सीटवर कोण बसलंय ते मला दिसत नाही. रस्ता तर मी कधी पाहिलाच नव्हता. लोक म्हणायचे, "काय हा रस्ता!" आणि त्याच वेळी मला दणका बसायचा. मग मी समजून चाललो, रस्ता म्हणजे दणका.

लहानपणचं फारसं आठवत नाही. एक लांबलचक टेबल, पांढरेशुभ्र दिवे आणि हातमोजे घातलेली एक बाई. तिने माझी सुई चिमटीत धरून शून्यावर बसवली, एक डोळा मिटून पाहिली आणि लगेच पुढच्या मीटरला हात घातला. माझं कौतुक तिथे तेवढंच झालं. मग खोका, अंधार, हेलकावे. शेवटी स्क्रू पिळून मला या गाडीत बसवलं, आणि झाकणाखालून पाहतो तर समोर दादा.

त्यांची बहीण त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो. रुंद कपाळ, जाड भुवया, आणि मिशीखाली कायम काहीतरी गुणगुणणारं तोंड. वर्षानुवर्षं मी तोच एक चेहरा पाहिला. माझी सुई वर चढली की त्यांच्या भुवया वर चढायच्या. मला वाटायचं, मी सुई उचलतो म्हणून गाडी पळते. हसू नका! तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पुढे माझी पेट्रोलची सुई अधूनमधून आळसायला लागली. टाकी भरलेली असली तरी ही आपली तळाशी लोळत पडलेली. दादांनी त्यावर एक उपाय काढला. गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची, बोट वाकवून पेराने माझ्या काचेवर दोनदा वाजवायचं. टक टक. सुई दचकून उठायची आणि जिथे असायला हवं तिथे जाऊन उभी राहायची. मग दादा म्हणायचे, "हं, चला!" तोवर वहिनी यायच्या. वहिनी म्हणजे दादांची बायको. घराला कुलूप लावायचं, गॅस बंद केला का म्हणून परत आत जायचं, पुन्हा कुलूप लावायचं, मग ते ओढून बघायचं. त्या गाडीत बसेपर्यंत टक टक उरकलेली असायची. त्यांनी ती कधी पाहिलीच नाही. आणि मी? मला वाटायचं, हे माझे लाड चाललेत. त्या टक टकीने दिवस सुरू झाला की मला फार बरं वाटायचं.

मग एके दिवशी दादा आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझ्या काचेवर धूळ बसली. एका कोळ्याने टोपीखाली घर बांधलं, संसार थाटला, आणि तोही कंटाळून निघून गेला. माझं काय चुकलं? मी आकडे कमी दाखवले? जास्त दाखवले? विचार करकरून डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. आणि अचानक दार उघडलं आणि समोर येऊन बसल्या वहिनी! स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, ओठ आवळलेले, डोळे एवढे मोठे. किल्ली फिरली. मी टक टकीची वाट पाहिली. ती आलीच नाही.

वहिनी हळूहळू छान चालवायला शिकल्या. पण माझी पेट्रोलची सुई तळाला गेली ती गेलीच. तिला रुसायला काय झालं, मलाही समजेना. वहिनी अंदाजाने पेट्रोल भरायच्या, आणि एकदा भर उन्हात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, गाडी आचके देत बंद पडली. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कोणाला तरी म्हणत होत्या, "घाबरू नका हो. मी आहे ना इथे. तुम्हाला सोडून कुठे जात नाही मी." गाडीत दुसरं कोणी मला दिसत नव्हतं. म्हटलं, बाई माझ्याशीच बोलतायत. मला भरून आलं.

त्यानंतर मेकॅनिक आला. त्याने मान हलवली. "टाकी उतरवावी लागेल. आणि हे पार्ट आता मिळत नाहीत, काकू." मग फोनवर मुलाचा आवाज आला. मुलगा लांब दुसऱ्या गावी असतो. "आई, पुन्हा रस्त्यात अडकलात तर? बाबांना एकटं टाकून तू पेट्रोल आणायला जाणार आहेस? विकून टाक ती गाडी."

"अरे, विकू कशी?" वहिनींचा आवाज चढला. "व्यायामाच्या दवाखान्यात त्यांना कशातून नेऊ? टॅक्सीत पाय ठेवत नाहीत ते. दारातच अंग आखडून घेतात. या एका गाडीत मुकाट्याने बसतात. ही गेली की ते घरातच पडून राहतील रे."

पण शेवटी त्यांनी हात टेकले. भंगारवाल्याला उद्या सकाळी यायला सांगितलं. भंगार म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण वहिनींचा चेहरा पाहून ते चांगलं नसणार एवढं उमगलं.

त्याच दिवशी दादांची बहीण आली. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घरातलं नाव छकुली! तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि शिवणयंत्रं ती स्वतःच खोलते. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, भंगारात जायच्या आधी मी ह्याला उघडून बघणार. फार तर काय होईल, बिघडेल. बिघडलेलाच आहे!"

मित्रांनो, हे काय बोलणं झालं?

आधी तिने बॅटरीची तार सोडवली. माझे दिवे गेले. मग स्टिअरिंग थोडं खाली उतरवलं, माझ्याभोवतीची चौकट काढली आणि एकेक स्क्रू वाटीत टाकायला सुरुवात केली. एक स्क्रू निसटून आत कुठेतरी गडप झाला. "गेला बाई!" छकुली म्हणाली. "असू दे, शिवणयंत्रातही एक जास्तीचाच असतो." मग माझ्या पाठीमागे हात घालून, दिसत नसताना नुसतं चाचपून, तिने वेगाच्या सुईची केबल दाबून सोडवली. मला गुदगुल्या झाल्या. तारांच्या प्रत्येक जोडावर तिने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. लाल इकडचा, हिरवा तिकडचा, परत लावताना घोळ नको म्हणून. आणि मग, "ये रे राजा," म्हणत मला ओढून बाहेर काढलं.

बाहेर काढलं आणि फिरवलं.

जन्मात पहिल्यांदा माझं तोंड पुढे झालं. काचेपलीकडे फाटक होतं. फाटकापलीकडे काहीतरी लांब, करड्या रंगाचं, सरळ जाऊन झाडाशी वळणारं. "रस्त्यावरनं कुत्रं येतंय, फाटक लाव," वहिनी म्हणाल्या. रस्ता? हा? हा तर दणका नव्हताच! किती शांत पडला होता! तेवढ्यात ऊन आलं म्हणून दोघींनी मिळून गाडी मागे ढकलली, आणि गाडी हलली. मी छकुलीच्या काखेत, माझी सुई शून्यावर, आणि गाडी चालली! मग इतकी वर्षं मी करत काय होतो?

या दोन धक्क्यांतून सावरतोय तोच तिसरा बसला. घराच्या दाराजवळ खुर्ची होती आणि खुर्चीत दादा बसले होते.

तेच कपाळ, त्याच भुवया. पण अर्धा चेहरा खाली ओघळलेला, उजवा हात मांडीवर निपचित, तोंडातलं गुणगुणणं बंद. छकुली त्यांना म्हणाली, "दादा, तुझा मीटर बघ. रोज गाडीत शेजारी बसतोस, तुला तरी सांगता येतं का ह्याला काय झालंय ते?" रोज! शेजारी! म्हणजे दादा कुठे गेलेच नव्हते. हातभर अंतरावर बसलेले असायचे, आणि मी समोर बघत त्यांची वाट पाहत होतो. उन्हात वहिनी बोलत होत्या त्या त्यांच्याशी. माझ्याशी नाही. खरं सांगतो, मला फार लाज वाटली.

छकुलीने मला टेबलावर कडेवर उभं केलं, तोंड दादांकडे, मागून पाठ उघडली, दिवे पुसले, फुंकर मारली. दादांनी डावा हात थोडा उचलला. बोट वाकवलं. "पाणी हवंय," वहिनी म्हणाल्या आणि पेला पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा बोट वाकवलं. "उकडतंय का?" पंखा लावला. पुन्हा बोट. रुमाल दिला. दादांनी रुमाल खाली टाकला आणि डोळे मिटून घेतले. "काय हवंय ते कळत नाही गं," वहिनी म्हणाल्या. "सहा महिने झाले, एक गोष्ट त्यांनी आपणहून केली नाही. मी भरवते, मी बसवते, मी उठवते. कधीकधी वाटतं, ते आत आहेत की नाहीत?" आणि पदर डोळ्यांना लावला. माझी पाठ उघडी पडली होती, पण दिसत आणि ऐकू तर येत होतं.

छकुलीला दोष काही सापडला नाही. दोरे बघून बघून तिने सगळं परत जोडलं, मला जागेवर बसवलं. वाटीत एक स्क्रू तरीही उरला. बॅटरी लावली, किल्ली फिरवली. दिवे लागले. पेट्रोल कालच भरलं होतं, म्हणजे सुई वर यायलाच हवी होती. दोघी वाकून बघायला लागल्या. सुई तळाशी.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "तू तरी काय करणार. उद्या घेऊन जाईल तो." त्यांनी गाडीचं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "छकुली, जरा हात दे. एकदा त्यांना त्यांच्या जागेवर बसू दे. शेवटचं."

दोघींनी दादांना धरून आणलं. आधी पाय आत, मग कंबर, मग डोकं सांभाळून. आणि पाहतो तर माझ्यासमोर, अगदी माझ्यासमोर, दादा! वहिनी गाडीच्या दारापाशी उभ्या होत्या. दादा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मग डावा हात मांडीवरून उठला. हळूहळू स्टिअरिंगपर्यंत आला, तिथे अडकला. छकुली मदतीला पुढे झाली, तशी वहिनींनी तिला मागे ओढलं. हात स्टिअरिंगवरून पुढे सरकला. बोट वाकलं.

टक.

आणि खूप वेळाने, टक.

माझी सुई उठली! पाऊण टाकीपर्यंत गेली आणि ऐटीत उभी राहिली.

दादांच्या घशातून आवाज आला. "हं." मग त्यांनी मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं. कुलूप लावून कोणी यायचं बाकी असलं की पाहायचे ना, तसंच. वहिनींना आधी काही समजेना. त्या दाराकडे बघतात, माझ्याकडे बघतात, दादांकडे बघतात. मग एकदम रडायलाच लागल्या. "अहो, मी इथेच आहे. कुलूप लावते हं, लगेच येते. चला, चला!" म्हणत त्या खरोखर कुलूप लावायला धावल्या. गाडी कुठेच जायची नव्हती आणि छकुलीची पर्स घरातच होती.

भंगारवाल्याला नको येऊस म्हणून सांगितलं. छकुलीचा जीव मात्र स्क्रूड्रायव्हरमध्ये. "वहिनी, ह्याच्याच पाठीवर एखादा नट सैल असणार. आता कळलं ना, कुठे शोधायचं ते! दोन मिनिटांत घट्ट करते."

"खबरदार हात लावशील तर," वहिनी म्हणाल्या. "राहू दे सैल."

तेव्हापासून दादा शेजारच्या सीटवरून वाकून टक टक करतात. हात पोहोचायला कधीकधी फार वेळ लागतो. वहिनी किल्ली फिरवून शांत बसून राहतात, दवाखान्याबाहेर मागचे हॉर्न वाजवतात तरीही. आता मला एक सांगा, मी बरा आहे की बिघडलेला? मुलगा म्हणतो, बिघडलेला. वहिनी म्हणतात, अगदी नीट. मला काही ठरवता येत नाही. गाडी कोण पळवतं, तेही मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची काच मऊ फडक्याने पुसा. आम्हाला फेकण्याआधी एकदा विचारा, ही वस्तू रोज वापरणारा हात कोणाचा होता? आणि गाडीत बसलात की मीटरला सांगा, शेजारी कोण बसलंय ते. मला कोणी सांगितलंच नव्हतं.